रंगवा, पण नंबर पुसू नका

पोस्टिंगची ऑर्डर हातात पडली की फौजी घरात दोन याद्या तयार होतात. एक सोबत न्यायच्या सामानाची, दुसरी मागे सोडायच्या सामानाची. दुसऱ्या यादीत सगळ्यात आधी लाकूड जातं. पाय हलणारं स्टूल, आजोबांच्या वेळचं कपाट, मागच्या बदलीची पॅकिंगची खोकी. "एवढं ओझं कुठे नेता, तिकडे नवीन घेऊ" असं म्हणत ते कबाडीवाल्याच्या हातगाडीवर चढतं. तिकडे नवीन येतं ते दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं. दिसायला झकास, पण दोन-तीन वर्षांनी ट्रकमध्ये चढवायला ते खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात आणि पुन्हा जोडताना स्क्रू नुसता फिरत राहतो. असं करत करत पंधरा-वीस वर्षांनी माणूस पेन्शनीत गावी पोचतो, तेव्हा नोकरीभर सोबत राहिलेली एकही लाकडी वस्तू घरात नसते.

गेल्या काही वर्षांत यावर एक उपाय आपल्या क्वार्टरांमध्ये शिरला आहे, तो म्हणजे चॉक पेंट. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, डबा मागवायचा आणि रविवारी व्हरांड्यात बसून जुन्या स्टुलाचं रूप पालटायचं. जुन्या पिढीतले काही जण यावर नाक मुरडतात, नव्या पिढीतले काही जण दिसेल ते रंगवत सुटतात. माझं मत दोघांच्या मधलं आहे, पण गुळमुळीत नाही. जुनं लाकूड फेकण्याऐवजी रंगवणं हजारपट चांगलं. फक्त काय रंगवायचं आणि काय रंगवायचं नाही, हे ब्रश हातात घेण्याआधी ठरलं पाहिजे. हा रंग सगळं झाकतो. त्याचा गुण तोच आणि धोकाही तोच.

आधी नावाचा घोळ निस्तरू. चॉक पेंट म्हणजे शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग नव्हे. फळ्याचा रंग त्यावर खडूने लिहिता यावं म्हणून असतो. चॉक पेंटमध्ये खडूसारखी भुकटी रंगातच मिसळलेली असते, त्यामुळे तो वाळल्यावर चकाकत नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीसारखा मऊ, मंद दिसतो. ॲनी स्लोन नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९९० साली हा रंग बाजारात आणला आणि 'चॉक पेंट' हे त्यांच्या कंपनीचं नाव आहे. बाकीच्या कंपन्या त्याच धर्तीचा रंग थोड्या वेगळ्या नावांनी विकतात.

नवशिक्याला हा रंग का जमतो, त्याची कारणं साधी आहेत. तो पाण्यात कालवलेला असतो, त्यामुळे ब्रश साध्या पाण्याने धुता येतो आणि ऑइल पेंटसारखा वास घरभर राहत नाही. अर्ध्या-एक तासात हाताला सुकतो. मूळ पृष्ठभाग पूर्ण खरवडून काढावा लागत नाही. शिवाय ब्रशच्या रेघा दिसल्या तरी त्या शोभून जातात. ऑइल पेंटमध्ये ओघळ आला की तो वर्षानुवर्षं आपल्याकडे बघत बसतो. इथे ओघळ आला तर सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा, पुन्हा हात मारा, विषय संपला.

तयार डबा महाग वाटत असेल तर घरीही बनवता येतो. भिंतीला लावतात तो मॅट इमल्शन एक कप घ्या. तीन-चार मोठे चमचे चॉक पावडर थोड्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि ती इमल्शनमध्ये मिसळा. काही जण प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरतात. तेही चालतं, पण ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून लागेल तेवढंच कालवायचं आणि लगेच संपवायचं. चॉक पावडरीचा रंग तसा आवळत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच खोक्याला झाकण आणि चारही बाजू धरून साधारण १८ चौरस फूट होतात. दोन हातांना पाव लिटरच्या आसपास रंग पुरतो. म्हणजे पहिल्या कामासाठी मोठा डबा विकत घ्यायचं कारण नाही.

आता मुख्य प्रश्न, काय रंगवायचं. माझं उत्तर, ज्याला स्वतःचं सांगण्यासारखं रूप नाही ते सगळं. आपल्याकडे अशा वस्तूंचा तोटा नाही. पहिली अर्थातच पॅकिंगची खोकी. चिडाच्या नाहीतर आंब्याच्या फळ्यांची, कोपऱ्याला पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेली. ही खोकी भिंतीला लावून, वर गादी आणि चादर टाकून दिवाण करणं हे फौजी घराचं जुनंच कसब आहे. चादर सरकली की खालची खोकी उघडी पडतात, एवढीच अडचण. तिथे दोन हात रंग द्या, चादरीची गरजच उरत नाही. दुसरं, आधीच तीन-चार वेळा ऑइल पेंट चढलेली कपाटं आणि मांडण्या. तिसरं, प्लायवूडची स्टुलं, पुस्तकांचे रॅक, मुलांची टेबलं. चौथं, वेताचं फर्निचर. बरेली किंवा आसामात पोस्टिंग झालेल्या बहुतेक घरांत वेताची किंवा बांबूची एखादी खुर्ची असतेच आणि दहा वर्षांनी ती काळवंडते. तिला पातळ केलेला रंग छान बसतो, फक्त विणीच्या फटीत तो साचू द्यायचा नाही.

आणि काय रंगवायचं नाही? सागवान, शिसम, अक्रोड. यावर मी वाद घालायला तयार आहे. जालंधरला असताना करतारपूरहून घेतलेला शिसमचा पलंग, श्रीनगरहून आणलेलं अक्रोडाचं कोरीव टेबल, सहारनपूरचं नक्षीकाम, वडिलांचं सागवानी कपाट, गुजरातेतून आणलेला लाखेच्या रंगातला संखेड्याचा झोपाळा. यांच्यावर पांढरा किंवा पोपटी चॉक पेंट फासणं म्हणजे मेडलवर स्टिकर चिकटवणं. या लाकडाच्या रेषा हेच त्याचं रूप आहे. एकदा रंग त्या रेषांत आणि नक्षीच्या खोबणीत बसला की तो पुरता काढणं जवळजवळ अशक्य. "आवडलं नाही तर काढून टाकू" हे व्हिडिओत ऐकायला बरं वाटतं. कोरीव कामातून रंग टोकरत बसलेला माणूस पाहिला की त्यातला फोलपणा कळतो.

जुनं पॉलिश काळं पडलंय, डाग आहेत, हे कारण पुष्कळदा पुढे येतं. पण त्याला इलाज आहे आणि तो अस्सल इथला आहे. आपल्याकडच्या जुन्या फर्निचरवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखदाणा. लाख हे झारखंडच्या जंगलातलं पीक. रांचीला नोकरी केलेल्यांना नामकुम ठाऊक असेल. तिथे लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. या पॉलिशची खुबी अशी की नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. खरवडायची गरज पडत नाही. परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. बोट चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश समजा. मग आधी ओल्या फडक्याने मळ काढा, कोरडं करा आणि पॉलिशवाल्याकडून दोन हात मारून घ्या. कपाटाखाली खरं लाकूड काय आहे ते तेव्हा दिसतं आणि रंगवायचा विचार आपोआप मागे पडतो.

आणखी एक वस्तू रंगवायची नाही, ती म्हणजे सरकारी. क्वार्टरमध्ये एमईएसकडून मिळालेली खुर्ची, टेबल, पलंग आपल्या सहीने आलेले असतात आणि मार्चिंग आऊटला आपल्या सहीनेच परत जातात. त्यांच्यावर कलाकुसर करायची नसते. हौस भागवायला आपली खोकी आहेत.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदाच करणार असाल तर कपाटाला हात घालू नका. एक स्टूल किंवा एक खोकं घ्या. रंग देण्यापेक्षा तयारीला जास्त वेळ द्या, कारण हा रंग खरवडल्याशिवाय बसतो याचा अर्थ मळावरही बसतो असा नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूवर तेलकट थर असतो. तो सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन वस्तू एक दिवस सावलीत वाळवा. बिजागऱ्या, कड्या, मुठी काढून एका डब्यात ठेवा. बाहेर आलेले खिळे आत ठोका, खड्ड्यांत लांबी भरा. फळीला बारीक भोकं असतील आणि खाली पिठासारखी पूड पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त करा. रंगाने कीड मरत नाही, फक्त दिसेनाशी होते. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा, चकाकी मोडेल एवढाच. सनमायका असेल तर जास्त घासावं लागतं आणि प्रायमरही लागतो, म्हणून नवशिक्याने पहिलं काम सनमायकावर करू नये.

पॅकिंगच्या खोक्याला एक खास आजार असतो. चिडाच्या गाठीतून राळ सुटते आणि पांढऱ्या रंगातून महिन्याभराने पिवळे डाग वर येतात. गडद लाकडाचा लालसर रंगही असाच फुटून बाहेर येतो. तिसरा-चौथा हात देऊन तो थांबत नाही. गाठींवर आधी लाखेचे दोन हात मारले की डाग आतच अडकतो. सागवानाला ज्याने झळाळी येते, तीच लाख इथे रंगाखालची पहारेकरी होते.

मग पहिला हात. ब्रश रंगात अर्धाच बुडवा. थर पातळ ठेवा. लाकूड थोडं दिसत राहिलं तरी चालेल. पूर्ण वाळू द्या, त्यानंतर दुसरा हात. तो सुकला की २२० नंबरच्या पेपरने अलगद फिरवा, हाताला रेशमासारखं लागतं. इथे बरेच जण थांबतात आणि पंधरा दिवसांत चहाच्या कपाचा डाग घेऊन हताश होतात. चॉक पेंट उघडा ठेवायचा नसतो, तो पाणी आणि तेल पिऊन घेतो. त्यावर मेण किंवा पाण्याचं वार्निश द्यावंच लागतं. मेण मऊ फडक्याने थोडं थोडं चोळायचं, जास्तीचं पुसायचं. ते पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं, तोवर वर जड सामान ठेवायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा. मेण दिलेल्या वस्तूवर पुढे दुसरा रंग किंवा वार्निश धरत नाही. आधी टर्पेंटाइनने मेण काढावं लागतं.

व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट म्हणजे हवामान. आपल्याला सगळा देश फिरायचा असतो आणि एकच कृती सगळीकडे लागू पडत नाही. जैसलमेर-बिकानेरला मे महिन्यात उन्हात बसून रंगवलं तर ब्रश फिरायच्या आत रंग आवळतो. तिथे पहाटे, सावलीत, रंगात चमचाभर पाणी घालून काम करा. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ होतं. वाळवंटात उन्हात उभ्या ट्रकमध्ये मेणाची वस्तू कागदात गुंडाळली तर कागद चिकटून बसतो. म्हणून तिथे आणि चहाच्या टेबलाला वार्निशच बरं. कोचीला किंवा पावसाळ्यात तेजपूरला उलट अडचण. हात सुकतो पण आतून ओलसर राहतो. दोन हातांमध्ये पूर्ण दिवस जाऊ द्या आणि भिंतीकडची बाजूही रंगवा, नाहीतर तिकडून बुरशी शिरते. लेहला थंडीत हा उद्योग करूच नका. दहा अंशांच्या खाली पाण्याचा रंग नीट बसत नाही आणि डबा एकदा गोठला की तो रंग वाया गेला समजायचा. उन्हाळा येतोच, तोवर लाकूड कुठे पळत नाही.

इशारा एकच, पण तो महत्त्वाचा. घरातलं जुनं कपाट, पाळणा, देवघर यांवर पूर्वीचा ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरात. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, चिखल कागदावर घ्या आणि फेकून द्या. रंग निघतच असेल तर मास्क लावा आणि मुलांना त्या दिवशी बाहेर खेळायला पाठवा.

एवढं झाल्यावर फॅशनविषयी बोलू. चॉक पेंटवाल्यांचा एक आवडता प्रकार म्हणजे रंग दिल्यावर कडा घासून वस्तू मुद्दाम झिजलेली दाखवणं. शहरातल्या फ्लॅटमध्ये काल दुकानातून आणलेल्या टेबलावर ते कदाचित शोभत असेल. आपल्याला त्याची गरज काय? आपलं खोकं खरोखर झिजलेलं आहे. लेहहून वेलिंग्टनला, वेलिंग्टनहून फिरोजपूरला ट्रकमधून जाताना त्याच्या कडा आपोआप घासल्या गेल्यात. खऱ्या झिजेवर आधी गुळगुळीत रंग द्यायचा आणि मग खोटी झीज काढायची, हे मला पटत नाही. कडा जशा आहेत तशा राहू द्या.

आणि नंबर. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती ही गोष्ट. काळी ट्रंक असो की लाकडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं. बऱ्याच पेट्यांवर जुनी रँक खोडून वर नवी लिहिलेली दिसते. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार. कोपऱ्यात जुन्या रेल्वे स्टेशनचं नाव अर्धवट उरलेलं असतं. एखाद्या माणसाची पूर्ण नोकरी चार ओळींत लिहिलेली असते आणि ती बहुतेकदा त्याच्याच हाताने, नाहीतर युनिटच्या पेंटरच्या हाताने लिहिलेली असते. पेन्शनीनंतर ही पेटी माळ्यावर जाते आणि मग एक दिवस सून किंवा नात ती खाली काढते. हौसेने, प्रेमाने, तिचं कॉफी टेबल करायला. चॉक पेंट दोन हातांत सगळं झाकतो. तासाभरात पेटी आकाशी होते आणि अक्षरं गेलेली असतात. कुणाचाच हेतू वाईट नसतो. त्या अक्षरांत काय आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. अक्षरांभोवती चिकटपट्टीने चौकट आखा. चौकटीबाहेर हवा तो रंग द्या. आतला भाग ओल्या फडक्याने अलगद पुसा, वाळवा आणि त्यावर पाण्याच्या वार्निशचा एक पातळ हात द्या. ट्रंकेला बाकी ठिकाणी गंज असेल तर तो घासून रेड ऑक्साइड प्रायमर लावा, नाहीतर तो रंगातून तांबूस होऊन वर येईल. आकाशी पेटीवर मधोमध काळी चौकट आणि तिच्यात पांढरा नंबर, हे दिसतंही सुंदर. घरी येणारा प्रत्येक जण विचारेल आणि सांगायला कुणीतरी असेल.

फौजेचं आणि सोबत हलणाऱ्या फर्निचरचं नातं जुनं आहे. रुडकीच्या सॅपर्सच्या छावणीचं नाव लागलेली रुडकी चेअर इंग्रजांच्या काळात या देशातल्या तंबूंमध्ये वापरली जायची. तिला ना स्क्रू ना सरस. दांडे एकमेकांत बसवायचे, कापड ताणायचं, निघताना सोडून गुंडाळायची. पुढे १९३३ साली डेन्मार्कच्या कोर क्लिंट यांनी तिच्यावरून आपली सफारी चेअर केली आणि ती जगभर गेली. अशी सोडून जोडता येणारी खुर्ची किंवा पलंग तुमच्याकडे असेल तर रंगवताना सांध्याच्या आतल्या भागाला रंग लावू नका. तिथे थर चढला की दांडा भोकात अडकतो आणि पुढच्या पोस्टिंगला हातोडा लागतो.

माजी सैनिकांना वेगळं सांगणं. पेन्शनीनंतरची पहिली दोन वर्षं हात रिकामे असतात आणि डोकं नको तेवढं भरलेलं. हे काम त्यावर औषध आहे असा दावा मी करणार नाही. पण सकाळी सातला एक खोकं व्हरांड्यात काढून बसलं तर दुपारच्या जेवणापर्यंत वेळ कसा गेला ते कळत नाही, आणि संध्याकाळी दाखवण्यासारखं काहीतरी तयार असतं. नातवाला हाताशी घ्या, त्याला ब्रश द्या. चौकटीची चिकटपट्टी मात्र स्वतः लावा आणि लावताना नंबर त्याला मोठ्याने वाचायला सांगा.